मिस्सेचे कपडे आणि चुकलेली मोजपट्टी

लग्नसराई आणि उन्हाळ्याची सुट्टी आली की अनेक चर्चच्या दाराशी एक फलक दिसू लागतो. बिनबाह्यांचे कपडे नकोत, तोकडे स्कर्ट नकोत, फाटक्या जीन्स नकोत. शेजारी बहुधा मुलीचेच चित्र असते आणि त्यावर लाल फुली. मग मिस्सेनंतर आवारात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, देवाच्या घरी तरी लाज राखा, आजकालच्या पोरींना काही ताळतंत्र उरलेले नाही. दुसरा म्हणतो, देव मन पाहतो, कपडे पाहत नाही, फादरांनी आपले काम करावे. दोन्हीकडची माणसे मनापासून बोलतात. तरीही ही दोन्ही मते उथळ आहेत असे मी मानते, आणि दोन्हींच्या उथळपणाचे मूळ एकच आहे. दोघेही कपड्याकडे त्या एका व्यक्तीचा खासगी मामला म्हणून पाहतात; एकाला त्यात तिचे चारित्र्य दिसते, दुसऱ्याला तिचे स्वातंत्र्य.

मिस्सा मात्र कोणाची खासगी नसते. जमलेली सगळी मंडळी मिळून एक कृती करतात. उभे राहणे, गुडघे टेकणे, उत्तरे देणे, रांगेने वेदीकडे जाणे हे जसे त्या कृतीचे भाग आहेत, तसाच अंगावरचा कपडाही आहे. म्हणून तो दोन प्रश्न लावून पारखला पाहिजे. ज्यासाठी आलो त्याची तयारी या कपड्यात दिसते का? आणि वेदीकडे जायला हवे असलेले लोकांचे लक्ष हा कपडा माझ्याकडे ओढतो का? हे प्रश्न प्रामाणिकपणे लावले, तर दारात अडवलेल्या मुलीपेक्षा पहिल्या बाकांवर बसलेली माणसे जास्त अडचणीत येतील.

1. चर्चचे कायदे काय सांगतात

नियम आहे की नाही, यावरच पुष्कळ गैरसमज आहेत. 1917 च्या धर्मसंहितेत 1262 वे कलम होते. त्याच्या पहिल्या भागात, प्राचीन शिस्तीला धरून चर्चमध्ये पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या बसाव्यात, अशी इच्छा व्यक्त केली होती. दुसऱ्या भागात पुरुषांनी डोके उघडे ठेवावे, स्त्रियांनी डोके झाकून, सभ्य पोशाखात, विशेषतः प्रभूच्या मेजाकडे जाताना, यावे असे सांगितले होते. 1930 साली रोमहून आणखी कडक सूचना निघाल्या. असभ्य पोशाखातल्या स्त्रियांना ख्रिस्तशरीर देऊ नये, इथपर्यंत त्या गेल्या. 1976 साली धर्मसिद्धान्त मंडळाने एका जाहीरनाम्यात, स्त्रियांनी डोके झाकण्यासारखे रिवाज शिस्तीचे आणि कमी महत्त्वाचे असून आता ते बंधनकारक नाहीत, असे स्पष्ट केले. 1983 च्या नव्या धर्मसंहितेत तर ते कलमच उरले नाही. आज कोणी बाई भक्तीने डोक्यावर पदर घेत असेल तर तिचे स्वागत आहे, पण न घेणारीला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कलम गेले म्हणजे विषय संपला, असे मात्र झाले नाही. 1992 च्या कॅटेकिझममधला 1387 वा परिच्छेद पाहावा. ख्रिस्त आपल्या घरी पाहुणा म्हणून येतो त्या क्षणाबद्दलचा आदर, गांभीर्य आणि आनंद आपल्या हावभावांतून आणि कपड्यांतून दिसावा, असा त्याचा आशय आहे. मला इथे दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे या तिहीत आनंद आहे. आपल्या फलकांवर तो कधीच नसतो. दुसरी गोष्ट त्या परिच्छेदाच्या जागेची. कपड्यांचा उल्लेख येतो तो उपवासाच्या लगेच पाठोपाठ. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी निदान एक तास काही खायचे नाही, हा आजचा नियम. तो मोडून, देव मन पाहतो, म्हणून वाटेत वडापाव खाल्ला, असे कोणी म्हणत नाही. उपवास ही तयारी आहे, हे सगळ्यांना समजते. कॅटेकिझम कपड्यांना त्याच तयारीच्या ओळीत बसवतो. शालीनतेची चर्चा वेगळी, खूप पुढे, नवव्या आज्ञेच्या विवेचनात येते, आणि तिथेही 2524 वा परिच्छेद सांगतो की शालीनतेची रूपे संस्कृतीनुसार बदलतात.

चर्चने इंच आणि सेंटिमीटर आपल्या हातात दिलेले नाहीत. रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत असा नियम आहे खरा, पण तो दाराशी लोटणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीसाठी केलेली किमान व्यवस्था आहे. भिंतीवरची चित्रे पाहायला आलेल्या परक्या माणसासाठीची अट उचलून आपण दर रविवारी येणाऱ्या आपल्याच लेकरांना लावतो.

2. ‘देव मन पाहतो’ हे कोणाला सांगितले

हे वाक्य येते शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, सोळाव्या अध्यायात. संदेष्टा शमुवेल इशायच्या घरी राजा निवडायला जातो. थोरला मुलगा अलियाब उंचापुरा, देखणा. हाच तो, असे शमुवेलला वाटते, आणि तेव्हा देव त्याला बजावतो की माणूस बाहेरचे पाहतो, देव हृदय पाहतो. म्हणजे हा इशारा पाहणाऱ्याला आहे. दुसऱ्याला त्याच्या दिसण्यावरून जोखू नकोस, असे त्यात सांगितले आहे. मी देवापुढे कसेही आले तरी चालते, असा परवाना त्यातून निघत नाही. गंमत नव्हे, खेद वाटतो की या वचनाची खरी गरज फलक लावणाऱ्यांना आहे आणि ते वापरतात मात्र तयारी टाळणारे.

शिवाय कॅथलिक श्रद्धेला शरीर गौण मानताच येत नाही. आपण पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतो. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतो. दृढीकरणात कपाळावर तेल लागते. भाकर जिभेवर किंवा तळहातावर घेतो. स्नानसंस्कारात बाळाला पांढरे वस्त्र देतात, ख्रिस्त परिधान केल्याची खूण म्हणून. कृपा ज्या धर्मात पाणी, तेल, भाकर आणि द्राक्षारस यांतून येते, तिथे कापडाला अर्थ नाही असे म्हणणे विसंगत आहे.

आणखी एक साधी गोष्ट. फादर मिस्सेआधी साक्रिस्तीत जाऊन कपडे बदलतात. पांढरा झगा, गळ्यात स्टोल, वरून चॅझुबल, काळानुसार हिरवा, जांभळा, पांढरा, लाल. त्यांना कोणी विचारत नाही की देव तुमचे मन पाहतो ना, मग शर्टपँटीवरच का करत नाही? चॅझुबल मुळात रोमन लोकांचा बाहेर पडताना घालायचा घोळदार झगा होता. सामान्य माणसे तो टाकून पुढच्या फॅशनकडे गेली, वेदीवर तो टिकला. त्याचे आजचे काम विचार करण्यासारखे आहे. त्याच्याखाली फादरांचा शर्ट कुठल्या कंपनीचा, ते जाड की बारीक, श्रीमंत घरचे की गरीब, हे सगळे झाकले जाते. माणूस मागे सरतो आणि तो ज्याच्या नावाने उभा आहे तो पुढे येतो. उपासनेच्या पोशाखाची कसोटी मला इथेच सापडते. वेदीवर जे फादरांना लागू, तेच बाकांवर आपल्याला, आपापल्या परीने.

3. पौलाने नाव घेतले ते सोन्याचे

आता शालीनतेकडे येऊ. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय या वादात हमखास पुढे केला जातो. स्त्रियांनी प्रार्थनेच्या वेळी सभ्य वेशात असावे, असे तिथे म्हटले आहे. पण असभ्य म्हणजे काय, याची जी यादी नवव्या वचनात आहे ती आपण सोडून देतो. तिथे बाहीची लांबी नाही, गुडघा नाही. गुंफलेले केस, सोने, मोती आणि महागडी वस्त्रे, ही ती यादी. लेखकाला खुपत होता तो श्रीमंतीचा दिखावा. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय तर थेट दारावरच्या स्वयंसेवकांना उद्देशून लिहिल्यासारखा आहे: सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घातलेल्याला तुम्ही चांगल्या जागी बसवता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला उभे राहा म्हणता, तर तुम्ही अन्यायी न्यायाधीश झालात.

ही दोन वचने एकत्र ठेवली की मोजपट्टी उलटी फिरते. पाच हजारांची साधी साडी नेसलेली बाई दाराशी उभ्या असलेल्या शॉर्टस्‌मधल्या कॉलेजच्या पोराला नजरेनेच झोडपते. पण सणाच्या मिस्सेला गळाभर सोने घालून, कोणते कोणाकडून आले याचा हिशेब बाकावर बसूनच सांगणाऱ्या बाईला, किंवा मोठ्या घड्याळाचे मनगट पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवून बसणाऱ्या गृहस्थाला कोणी फलक दाखवत नाही. नव्या कराराच्या हिशेबाने असभ्य वेश यांचाही आहे, आणि आधी यांचा आहे.

वसईत आणि मुंबईत फर्स्ट होली कम्युनियनचा दिवस जवळून पाहावा. आठ-नऊ वर्षांची मुलगी. अंगात जाळीचे थरावर थर असलेला, फरशीला टेकणारा फ्रॉक, हातात मोजे, डोक्यावर खड्यांचा मुकुट. पहाटे पार्लरवालीने केस वळवले आहेत, ते हलू नयेत म्हणून ती मान ताठ धरून चालते. रांग पुढे सरकते तशी आई वाकून मागचा घोळ सावरते. मुलगी फादरांसमोर पोचते, तोंड उघडते, आणि नेमका त्याच वेळी बाजूने आवाज येतो, बेटा, इकडे बघ. ती इकडे बघते. त्या फ्रॉकमध्ये एक इंच कातडी उघडी नाही. मोजपट्टीच्या परीक्षेत तिला शंभरपैकी शंभर. आणि तरीही ज्या क्षणासाठी तिने वर्षभर धर्मशिक्षण घेतले, तो क्षण त्या फ्रॉकने आणि कॅमेऱ्याने तिच्याकडून हिरावून घेतला. दोष तिचा मुळीच नाही, आपला आहे. काही धर्मग्रामांत सर्व मुलामुलींना एकसारखे साधे पांढरे झगे देतात. सगळीकडे तसे व्हायला हवे, आणि ज्यांना ऐपत आहे त्यांनीच ते आधी मागायला हवे.

4. आपल्या अंगावरच्या कपड्यांचा इतिहास

उघड्या कातडीने सभ्यता मोजता येत नाही, हे खरे तर आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. साडीत कंबर दिसते. वसईतल्या कुपारी बायकांचे लाल लुगडे कासोट्याचे, पोटऱ्या उघड्या ठेवणारे. वाडीत काम करताना ते आणखी वर खोचले जाई. त्याच लुगड्याची नवी, घडी न मोडलेली जोडी रविवारी निघाली की ते मिस्सेचे लुगडे. गोव्यातल्या ख्रिस्ती बायका पांढरी ओल पांघरून मिस्सेला जात. उलट जीन्समध्ये कंबरेपासून घोट्यापर्यंत सगळे झाकलेले असते, तरी एके काळी ती चर्चमध्ये खटकत असे आणि आज खटकत नाही. समाज कपड्याला अर्थ देतो, आणि तो अर्थ बदलतो.

हा अर्थ वरून लादला की काय होते, त्याचे आपल्या मातीतले उदाहरण फार कटू आहे. 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने आदेश काढला. ख्रिस्ती पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, अशा मनाईंची ती लांबलचक यादी होती. सभ्यतेच्या नावाखाली लोकांच्या अंगावरचा देश उतरवण्याचा तो प्रयत्न होता. त्याच्या शंभरावर वर्षे आधी, 1606 मध्ये मदुराईला आलेल्या रॉबर्टो दे नोबिली या इटालियन जेज्वीटाने स्वतः संन्याशाची भगवी वस्त्रे घेतली होती. त्याच्याच सहकाऱ्यांनी तक्रारी केल्या, प्रकरण रोमपर्यंत गेले, आणि 1623 साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी ख्रिस्ती झालेल्यांना शेंडी, जानवे आणि चंदन ठेवायला मुभा दिली. म्हणजे गोव्यात आदेश निघाला तेव्हा त्याहून उदार निर्णय रोमच्या दप्तरात आधीच होता. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, एप्रिल 1969 मध्ये, भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा मुद्द्यांना रोमने मान्यता दिली. त्यांत जमिनीवर बसणे, चपला काढून ठेवणे, नमस्कारमुद्रा, आरती आणि साध्या झग्यावर अंगवस्त्र या गोष्टी होत्या.

यातला चपलांचा मुद्दा मला विशेष वाटतो. मोशेला जळत्या झुडपापुढे तीच आज्ञा झाली होती. देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात जाताना आपला शेजारी जे सहज करतो, ते करायला चर्चने आपल्याला मोकळीक दिली आहे. आपण ती फारशी वापरली नाही. आणि ज्यांना पेहरावातल्या आदराची इतकी काळजी आहे, त्यांच्यापैकी किती जण बूट बाहेर काढायला तयार होतील, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

5. आक्षेप

पहिला आक्षेप शालीनतेच्या कैवाऱ्यांचा: मुलींच्या कपड्यांमुळे पुरुषांचे लक्ष विचलित होते, त्याचे काय? याचे उत्तर प्रभूने स्वतः दिले आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, वासनेने पाहणाऱ्याला तो आपला डोळा उपटून टाकायला सांगतो. समोरच्या बाईला घरी पाठवायला सांगत नाही. लक्ष ओढून न घेण्याची जबाबदारी सगळ्यांवर आहे, स्त्री आणि पुरुष दोघांवर. पण दुसऱ्याच्या नजरेचा गुन्हा पंधरा वर्षांच्या मुलीच्या माथी मारणे हे पाप आहे, हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. ते ज्या मुलीच्या बाबतीत घडते ती आपल्या शरीराची लाज घेऊन वेदीपुढे उभी राहते, आणि अनेकदा पुन्हा येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कपड्यांची चर्चा सुरू झाली की गरीब मागे हटतात; चांगले कपडे नाहीत म्हणून मिस्सा चुकवणारी माणसे आहेत. ही भीती खरी आहे. संत जॉन क्रिसोस्तोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस बजावले होते की वेदीवर ख्रिस्ताला रेशमाने सजवायचे आणि बाहेर तोच थंडीत उघडा कुडकुडत असताना पाठ फिरवायची, हे चालणार नाही. ते वचन या विषयावरच्या प्रत्येक प्रवचनात आले पाहिजे. पण गरिबाला तयारीचा अर्थ कळत नाही, असे समजणे हा त्याचा अपमान आहे. आमच्या वाड्यांमध्ये इस्त्री नव्हती तेव्हा तांब्यात निखारे घालून रविवारचा सदरा फिरवला जाई. सदरा एकच असे, म्हणून शनिवारी धुऊन रात्रभर वाळवला जाई. त्या सदऱ्याला किंमत नव्हती, पण तो वेगळा राखलेला होता. तयारी याहून वेगळी काय असते? महाग आणि नवे यांच्याशी तिचा संबंध नाही. स्वच्छ आणि राखून ठेवलेले, एवढे पुरे.

रात्रपाळी संपवून थेट मिस्सेला आलेली नर्स, गणवेशातला रिक्षावाला, संध्याकाळी विरार लोकलमधून उतरून घामेजल्या शर्टाने मागच्या बाकावर टेकणारा माणूस, यांना कोणताही नियम लावू नये. कामाचा कपडा हा अनादर नव्हे. त्यांनी सगळा दिवस वेदीवर आणून ठेवलेला असतो.

तरुण मुले दुरावतील, हा तिसरा आक्षेप. दाराशी अडवले तर दुरावतीलच, आणि दोष आपला असेल. पण त्यांच्याकडून काहीच मागू नये, हे मला पटत नाही. याच मुलांना ऑफिसच्या मुलाखतीला, मित्राच्या संगीताला, फुटबॉलच्या सामन्याला काय घालायचे ते कोणी सांगावे लागत नाही. प्रसंगाला साजेसा वेश म्हणजे काय, हे त्यांना उत्तम कळते. रविवारची मिस्सा हा प्रसंग आहे, एवढेच त्यांना कोणी पटवून दिलेले नाही. पाच मिनिटे उशिरा येऊन, मागे उभे राहून, ख्रिस्तशरीर घेऊन थेट पार्किंगकडे जाणाऱ्या वडिलांकडे पाहून ते पटणारही नाही. दृढीकरणाच्या वर्गात 1736 चा आदेश, याकोबाचे पत्र आणि 1387 वा परिच्छेद तिन्ही शेजारी ठेवून मुलामुलींशी मोकळेपणाने बोलता येईल. मनाईच्या यादीतून जे कधीच शिकवता आले नाही, ते अशा एका तासात शिकवता येईल.

6. सुरुवात कुठून

वेदीवरून. वाचन करणारे, ख्रिस्तशरीर वाटणारे, गायकवृंद, दान गोळा करणारे, यांनी आधी स्वतःला ते दोन प्रश्न विचारावेत. वाचक म्हणून उभा राहणारा तरुण बोधचिन्हाचा टीशर्ट घालून आला तर त्याला फलक दाखवू नये. ज्येष्ठ वाचकाने आधी बाजूला घेऊन, एकट्याला, प्रेमाने सांगावे. गोव्याच्या जुन्या चर्चेसमध्ये येणाऱ्या पर्यटकांना दाराशी शाल देणे वेगळे आणि आपल्या धर्मग्रामातल्या मुलीच्या खांद्यावर सर्वांदेखत ओढणी टाकणे वेगळे. पहिला पाहुणचार आहे, दुसरा चारचौघांतला निवाडा.

मग लग्ने. सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे आणि सगळ्यात जास्त मौनही तिथेच, कारण तिथे ऐपतदार घरे असतात. वेदीच्या पायऱ्यांवर चढून जोडप्याच्या तोंडावर दिवा धरणारा व्हिडिओवाला, वीस जणींचा एकसारखा ताफा, वधूच्या घोळासाठी रिकामी ठेवलेली मधली वाट आणि शेवटच्या बाकापाशी उभे राहिलेले गावकरी. फोटोग्राफर कठड्यापलीकडे येणार नाही, ख्रिस्तशरीर देताना एकही फोटो निघणार नाही, पोशाख वधूवरांना गुडघे टेकता येतील असा असेल, हे धर्मग्रामाने लेखी ठरवून टाकावे. आणि ते जोडपे तारीख घ्यायला फादरांकडे येते त्याच दिवशी सांगावे. आदल्या आठवड्यात सांगून उपयोग नाही. तोवर शिंप्याचे आणि व्हिडिओवाल्याचे पैसे देऊन झालेले असतात.